पेप्टाइड कुणाला चिकटतं? घाटेअळीच्या पतंगावर न्यूरोपेप्टाइडची जोडीदार प्रथिनं शोधताना

हरभरा घाट्यावर आला की आमच्या परभणीकडच्या शिवारात कामगंध सापळे लागतात. वर टोपी, खाली प्लास्टिकची पिशवी आणि मध्ये रबराची इवलीशी ल्युअर. तिच्या वासाला भुलून घाटेअळीचे नर पतंग रात्रीतून पिशवीत येऊन पडतात. हा वास मादीच्या वासाची नक्कल असतो: झेड-११-हेक्साडेसेनाल आणि झेड-९-हेक्साडेसेनाल, साधारण ९७ ला ३ या प्रमाणात. खरी मादी तो पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत तयार करते, पण कधी करायचा हा हुकूम ग्रंथीचा नसतो. तो डोक्यातून येतो, आणि घेऊन येणारा निरोप्या म्हणजे एक न्यूरोपेप्टाइड. त्याचं लांबलचक नाव फेरोमोन बायोसिंथेसिस अ‍ॅक्टिव्हेटिंग न्यूरोपेप्टाइड. प्रयोगशाळेत सगळे त्याला पीबॅन म्हणतात, इथेही तेच म्हणू.

पीबॅन १९८९ साली आपल्या घाटेअळीच्या अमेरिकी चुलत बहिणीत, म्हणजे हेलिकोव्हर्पा झियात, ओळखलं गेलं. ३३ अमिनो आम्लांची साखळी. तिचा रिसेप्टर, म्हणजे ग्रंथीच्या पेशीवर हा निरोप झेलणारं प्रथिन, त्याच किडीतून २००३ साली क्लोन झाला. मग उत्तर माहीत असलेला प्रश्न पुन्हा कशाला सोडवायचा? नेमकं त्याचसाठी. न्यूरोपेप्टाइडला बांधणारी प्रथिनं शोधायची पद्धत पहिल्यांदा बसवताना उत्तर माहीत असलेलं पेप्टाइड घ्यावं. अनोळखी पेप्टाइड घेऊन बसलात तर यादीत चुकीचं प्रथिन आलं तरी कळणार नाही, आणि बरोबर आलं तरी कळणार नाही. पीबॅनवर पद्धत चालली की मग तीच तुमच्या पेप्टाइडवर चालवा.

आधी गर्दीचा हिशेब

पेप्टाइडला चिकटणारं प्रत्येक प्रथिन रिसेप्टर नसतं. त्याला तोडणारे पेप्टिडेझ असतात. सस्तन प्राण्यांत नेप्रिलिसिन हे एन्झाइम सबस्टन्स पी आणि एनकेफॅलिन दोन्ही तोडतं, आणि त्याचे भाऊबंद कीटकांतही आहेत. काही पेप्टाइडांना वाहून नेणारी प्रथिनं असतात. ऑक्सिटोसिनबरोबर असणारं न्यूरोफायसिन हे त्याचं जुनं उदाहरण. आणि उरलेले नुसतेच चिकट: संख्येनं प्रचंड, पकडीनं सैल.

ही सैल मंडळी किती त्रास देतात ते आकड्यांत बघा. प्रोब, म्हणजे खूण लावलेलं पेप्टाइड, २० नॅनोमोलर घेतला. रिसेप्टरची पकड, म्हणजे केडी, २० नॅनोमोलर धरा. मग निम्मे रिसेप्टर भरतील. शेजारी दुसरं एक प्रथिन आहे, केडी २ मायक्रोमोलर, म्हणजे शंभर पट सैल. त्याचा जेमतेम १ टक्का भाग भरेल. पण ते रिसेप्टरपेक्षा हजार पट जास्त असेल, आणि पेशीपटलात असं असणं अजिबात नवलाचं नाही, तर? रिसेप्टरच्या प्रत्येक अर्ध्या रेणूमागे त्या प्रथिनाचे दहा रेणू प्रोबला धरून बसलेले असतील. वीस पट. जेलवरचा सगळ्यात ठळक बँड त्याचाच.

आता याच नळीत साधं, लेबल नसलेलं पेप्टाइड स्पर्धक म्हणून टाका. बहुतेक प्रोटोकॉल डोळे झाकून १०० पट टाकायला सांगतात, म्हणजे इथे २ मायक्रोमोलर. रिसेप्टरवरचा प्रोब ५० टक्क्यांवरून १ टक्क्यावर येतो, छान. पण सैल प्रथिनावरचाही निम्मा होतो, आणि ‘हा बँड स्पर्धेनं घटला’ असं तुम्ही वहीत लिहून मोकळे होता. त्याऐवजी १० पटच टाका, २०० नॅनोमोलर. रिसेप्टरवरचा प्रोब ५० वरून ८ टक्क्यांवर येतो, सहा पट घट. सैल प्रथिनावर १ टक्क्याचे ०.९ टक्के होतात, म्हणजे काहीच नाही. दोघांतला फरक १० पटीला स्वच्छ दिसतो, १०० पटीला धूसर होतो. या लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझी मेहनत वसूल: जास्त स्पर्धक म्हणजे चांगला कंट्रोल, हा गैरसमज आहे.

प्रोब: शेपटीला हात लावू नका

पीबॅनचा जीव शेपटीत आहे. शेवटची पाच अमिनो आम्लं, फेनिलअ‍ॅलानीन, सेरिन, प्रोलीन, आर्जिनीन, ल्युसीन, आणि त्या ल्युसीनच्या टोकाला अमाइड. या पाचांचा तुकडा एकटाही थोडंफार काम करतो, पण अमाइडच्या जागी साधं आम्ल राहिलं तर काम जवळजवळ संपतं. म्हणून सिंथेसिसची ऑर्डर देताना ‘सी-टोक अमाइड’ हे शब्द स्पष्ट लिहा आणि आलेल्या पेप्टाइडचं वस्तुमान स्वतः तपासा. अमाइड आणि आम्ल यांच्यात अवघ्या १ डाल्टनचा फरक असतो. कागदावर तो सहज निसटतो.

बायोटिन, म्हणजे धरलेलं प्रथिन नंतर ओढून काढायची मूठ, समोरच्या, म्हणजे एन-टोकाला लावायचं. इथे एक मोह टाळा. ‘पूर्ण पेप्टाइड आणलेलंच आहे, एनएचएस-बायोटिन टाकून घरीच लेबल करू’ असं वाटतं. पण २७ व्या जागी लायसीन आहे, आणि एनएचएस त्यालाही तितक्याच आवडीनं धरतं. तिथे बायोटिन बसलं तर ते शेपटीच्या दारातच उभं राहिलं. लेबल सिंथेसिसच्या वेळीच, राळेवर असतानाच, एन-टोकाला लावून घ्या, मध्ये एक लवचिक पीईजी साखळी ठेवून. ३३ पूर्ण घ्यायची गरजही नाही. शेवटची १० ते १२ अमिनो आम्लं पुरतात, स्वस्त पडतात, आणि ५ व १४ व्या जागची मेथायोनिनं गळाल्यामुळे ऑक्सिडेशनची कटकट जाते.

प्रकाशानं जोडणारा गट, म्हणजे प्रोब ज्याला चिकटलाय त्याच्याशी त्याला उजेडात पक्का बांधणारा, कुठे बसवायचा हा खरा डोकेदुखीचा प्रश्न. शेपटीपासून लांब ठेवला तर तो रिसेप्टर सोडून शेजाऱ्याला पकडतो. शेपटीत घुसवला तर बांधणीच मोडते. मी २८ व्या जागच्या टायरोसिनऐवजी बेंझॉइल-फेनिलअ‍ॅलानीन घालण्यापासून सुरुवात करायला सांगेन: कामाच्या पाच जणांच्या अगदी उंबऱ्यावर, पण आत नाही. डायाझिरीनचा गट आकारानं लहान असतो, रचना कमी बिघडवतो आणि लवकर जोडतो, पण त्याची बरीच शक्ती पाण्यावर वाया जाते. बेंझोफिनोन मंद आणि चिवट. पैसे असतील तर दोन्ही करून बघा.

याच ऑर्डरमध्ये आणखी दोन पेप्टाइडं मागवा: लेबल नसलेलं साधं, आणि तेच पण अमाइडऐवजी आम्ल असलेलं. अमिनो आम्लांची क्रमवारी पिसून केलेला कंट्रोल सगळे वापरतात, पण आम्ल-रूप त्याहून कडक. क्रम तोच, चिकटपणा जवळपास तोच, फक्त किल्लीचा एक दात मोडलेला. जे प्रथिन साध्या पेप्टाइडनं हटतं आणि आम्ल-रूपानं हटत नाही, ते शेपटी ओळखतं.

प्रोब जिवंत आहे का?

ही पायरी कुणीही गाळू नये, आणि बहुतेक जण गाळतात. मादी पतंगाच्या डोकं आणि छातीमध्ये दोऱ्यानं गाठ मारली की डोक्यातलं पीबॅन खाली उतरत नाही आणि ग्रंथी गप्प बसते. अशा मादीला प्रोबचं इंजेक्शन द्या, तासा-दोन तासांनी ग्रंथी कापून हेक्सेनमध्ये बुडवा आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर झेड-११-हेक्साडेसेनालचा शिखर मोजा. शेजारी साधं पेप्टाइड दिलेल्या माद्या, आम्ल-रूप दिलेल्या आणि नुसतं सलाइन दिलेल्या. प्रोबनं साध्या पेप्टाइडच्या जवळपास काम केलं तर पुढे जा. साध्याच्या पन्नास पट मात्रा लागत असेल तर तो प्रोब नाही, महाग बायोटिन आहे.

आमच्या विभागाकडे गॅस क्रोमॅटोग्राफ चालू नव्हता तेव्हा रसायनशास्त्राच्या मंडळींना चहा पाजून वेळ मिळवला. त्यांना आधीच सांगा की हेक्सेनमधला नमुना आहे, पतंगाचे पंख त्यांच्या मशीनमध्ये जाणार नाहीत. हा प्रश्न हमखास येतो.

माद्या

घाटेअळी शेतातून आणता येते, पण शेतातल्या अळ्यांत परजीवी आणि विषाणू निघतात आणि वय कळत नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडून शुद्ध संस्कृती मागवणं बरं. खाद्य डाळीच्या पिठाचंच: बेसन, यीस्ट, अगार, व्हिटॅमिन सी आणि बुरशी रोखायला थोडं सॉर्बिक आम्ल. गावाकडून आणलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पीठ चालतं, पण त्यावर कीटकनाशकाचा अंश नको. फवारणी केलेल्या रानातली डाळ घातली आणि अख्खी पिढी मेली, असं व्हायला वेळ लागत नाही. तिसऱ्या अवस्थेपासून प्रत्येक अळी वेगळ्या कप्प्यात ठेवा. एकमेकींना खातात.

नर-मादी कोषातच निवडा. भिंगाखाली पोटाचं टोक बघा: मादीची जनन-फट आठव्या खंडावर, नराची नवव्यावर. हे काम आज ना उद्या करू म्हणून ठेवलं तर पतंग बाहेर येऊन जोडी जमवतात, आणि मीलन झालेल्या मादीची फेरोमोन-निर्मिती उतरते. दोन-तीन दिवसांच्या कुमारी माद्या हव्यात. ग्रंथी दिवसा कापा. पीबॅन रात्री सुटतं. रात्री कापलं तर मादीचं स्वतःचं पेप्टाइड आधीच रिसेप्टरवर बसलेलं असण्याची शक्यता.

ग्रंथी आठव्या-नवव्या खंडांमधल्या पातळ पटलात असते. पोट हलकं दाबलं की टोक बाहेर येतं. तिथून कापून थेट बर्फातल्या बफरमध्ये. पंखांचे खवले सगळीकडे उडतात, मास्क लावा, कारण कीटकांसोबत वर्षं काढलेल्यांना त्याची अ‍ॅलर्जी जडते. सुट्टीत घरी दोन पेट्या घेऊन गेलो होतो तेव्हा आजी ओट्यावरून बघत बसली होती. ‘येवढ्या पतंगाच्या शेपट्या कापून काय करायलास रे?’ म्हणाली. वासाचा कारखाना शोधायलोय म्हटलं. ‘मग आधी पिकावरच्या तरी मार,’ असा तिचा सल्ला.

ग्रंथी मोजून वाटू नका, प्रथिन मोजून वाटा. प्रत्येक नळीत पटलाचं निदान २०० मायक्रोग्रॅम प्रथिन असावं. त्यासाठी माद्या शेकड्यानं लागतात. रोज थोड्या कापून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या आणि एकदम काढायच्या.

पटल वेगळं करणं

बफर: २० मिलीमोलर हेपिस, पीएच ७.४, २५० मिलीमोलर सुक्रोज, ५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. काचेच्या होमोजनायझरमध्ये, बर्फावर. १,००० जी वर दहा मिनिटं फिरवून गाळ टाकून द्या. वरचं पाणी १,००,००० जी वर तासभर फिरवा. अल्ट्रासेंट्रीफ्यूज नसेल तर ४०,००० जी वर पाऊण तास. थोडं पटल हातचं जातं, काम अडत नाही.

प्रोटिएझ-रोधकांची तयार गोळी टाकण्याआधी डबीवर ईडीटीए आहे का ते वाचा. ईडीटीए मॅग्नेशियम खेचून घेतं, आणि पीबॅनचा रिसेप्टर जी-प्रथिनाला, म्हणजे निरोप पेशीच्या आत पुढे नेणाऱ्या प्रथिनाला, जोडलेला असतानाच पेप्टाइडला घट्ट धरतो. त्या जोडणीला मॅग्नेशियम लागतं. सोडियमही जास्त नको, या घराण्यातल्या बऱ्याच रिसेप्टरांची पकड ते सैल करतं. पेप्टिडेझ थोपवायला बेस्टॅटिन, फॉस्फोरॅमिडॉन, कॅप्टोप्रिल असे वेगवेगळ्या कुळांचे रोधक घाला. पण तुम्हाला पेप्टाइड तोडणारी एन्झाइमंच शोधायची असतील तर हेच रोधक तुमचा शिकार पळवतील. ठरवून घ्या काय शोधताय.

पुढची अडचण शास्त्रीय नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, लाइट गेली, आणि उणे ८० चा फ्रीजर तासातासाला वर सरकतोय. गोठवलेलं पटल एकदा वितळून पुन्हा गोठलं तर बांधणी घटते. लहान लहान नळ्यांत वाटून गोठवा, फ्रीजरमध्ये बर्फाच्या विटा ठासून ठेवा म्हणजे तो उशिरा तापतो, आणि शक्य असेल तर हे सगळं दिवाळी ते होळीच्या मधे उरका.

बांधणी, अंधार, मग उजेड

पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं. कमी चिकट नळ्या वापरा आणि पातळ द्रावण त्याच दिवशी करा; महिनाभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या २० नॅनोमोलर द्रावणात काय उरलं असेल ते देवच जाणे. इतर प्रयोगांत लोक बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन, घालून हे टाळतात. इथे नको, शेवटी प्रथिनांची नावं सांगणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला मग बीएसएशिवाय काही दिसणार नाही.

नळ्या अशा लावा. पहिलीत फक्त प्रोब. दुसरीत प्रोब आणि १० पट साधं पेप्टाइड. तिसरीत तेच १०० पट. चौथीत १० पट आम्ल-रूप. पाचवीत प्रोब आहे पण अतिनील प्रकाश नाही. सहावीत प्रोबच नाही, प्रकाश आहे. सातवीत प्रोबसोबत जीटीपी-गॅमा-एस, १० मायक्रोमोलर. ही सातवी माझी लाडकी. जीटीपीचं हे न तुटणारं रूप जी-प्रथिनाला रिसेप्टरपासून सोडवतं आणि रिसेप्टरची पकड ढिली होते. जो बँड इथे फिका पडतो तो जी-प्रथिनाशी जोडलेल्या रिसेप्टरचा असण्याची शक्यता एकदम वाढते. पेप्टिडेझला जीटीपीशी काही देणंघेणं नसतं.

स्पर्धक आधी पंधरा मिनिटं, मग प्रोब, तास-दीड तास, २५ अंशाला, लाल दिव्यात. मग थंड सेंट्रीफ्यूजमध्ये एकदा फिरवून वरचा मोकळा प्रोब काढून टाका. तो राहिला तर प्रकाशात भेटेल त्याला जोडून बसतो. गाळ पुन्हा बफरमध्ये हलवून बर्फावर पसरट ताटलीत घ्या आणि ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावा, डायाझिरीनला १५ ते २० मिनिटं, बेंझोफिनोनला पाऊण तास. डोळ्यांवर चष्मा. सगळ्या ताटल्या दिव्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात. कडेची ताटली आणि मधली ताटली यांत फरक पडला तर तुमचा ‘स्पर्धेचा परिणाम’ म्हणजे दिव्याखालची जागा ठरतो.

बीड्स, आणि माझी फजिती

जोडणी आता सहसंयुज आहे, म्हणजे रिसेप्टरचा आकार टिकवायची गरज उरली नाही. बरेच जण तरीही डिजिटोनिनसारख्या हळुवार, महाग डिटर्जंटमध्ये वेळ घालवतात. सरळ १ टक्का एसडीएसमध्ये विरघळवा, मग पातळ करून ०.२ टक्क्यांच्या खाली आणा आणि बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाविडिन बीड्सवर रात्रभर ४ अंशाला फिरवत ठेवा. वॉश निर्दयपणे करा: १ टक्का एसडीएस, १ मोलर मीठ, ४ मोलर युरिया, शेवटी डिटर्जंट नसलेल्या बफरनं चार-पाच वेळा. एक सांभाळा, सॅम्पल उकळू नका. सात वेळा पटल ओलांडणारी प्रथिनं, आणि हा रिसेप्टर त्यांतलाच, ९५ अंशाला गोळा होऊन जेलच्या विहिरीतच अडकतात. ३७ अंशाला अर्धा तास पुरे.

पहिल्या खेपेला माझ्या ब्लॉटवर, म्हणजे जेलवरून उतरवून बायोटिन दाखवणाऱ्या कागदावर, तीन बँड आले. एक फार वर, २५० किलोडाल्टनच्या पुढे, एक १३० च्या आसपास, एक ७५ च्या जवळ. मास स्पेकनं वरच्याचं नाव दिलं: असिटिल-कोए कार्बोक्झिलेझ. मी हवेत. फेरोमोन मेदाम्लांपासून बनतं, मेदाम्लांची पहिली पायरी हेच एन्झाइम, आणि पीबॅन थेट त्याला धरतं! गाईडना रात्री फोन केला. सकाळी त्यांनी एकच विचारलं, ‘प्रोब नसलेल्या नळीत बघितलंस का?’ त्या नळीतही तिन्ही बँड तेवढेच ठळक होते.

या एन्झाइमाच्या अंगावर निसर्गानंच बायोटिन बसवलेलं असतं. पायरुवेट कार्बोक्झिलेझवरही, तो १३० चा. ७५ च्या जवळचे प्रोपिओनिल-कोए आणि मिथाइलक्रोटोनिल-कोए कार्बोक्झिलेझचे भाग. कुठल्याही पेशीत हे सापडतात, आणि वास बनवणारी ग्रंथी मेदाम्लांचा कारखाना असल्यानं इथे तर पहिला मुबलक. स्ट्रेप्टाविडिन आपला प्रोब आणि हे यांच्यात भेद करत नाही.

यावर उपाय दोन. सोपा: जीवशास्त्र आपल्या बाजूनं आहे, ही एन्झाइमं पेशीद्रवात किंवा मायटोकाँड्रियात असतात, तेव्हा पटल काढताना एक जास्तीचा वॉश द्या आणि १,००० जी नंतर १०,००० जी ची एक फेरी घालून मायटोकाँड्रिया वेगळे काढा. चांगला: प्रोबमध्ये बायोटिन आणि पेप्टाइडच्या मध्ये तुटणारा दुवा ठेवा, उदाहरणार्थ डायसल्फाइड. सगळे वॉश झाल्यावर हा दुवा तोडणारं डीटीटी घातलं की तुमच्या प्रोबला जोडलेलंच सुटतं, जन्मजात बायोटिनवाले बीड्सवरच राहतात. मी दुसरा करतो. मग मात्र मधल्या कुठल्याही बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथॅनॉल चुकूनही नको.

मास स्पेकला काय पाठवायचं

सात नळ्या, प्रत्येकी तीन जैविक आवृत्त्या, एकवीस सॅम्पल. एवढ्याचा खर्च परवडत नाही, गरजही नाही. पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी या चार तिन्ही आवृत्त्यांसह पाठवा. बाकीच्या स्ट्रेप्टाविडिन-एचआरपीच्या ब्लॉटवर बघा. जैविक आवृत्ती म्हणजे वेगळ्या पिढीच्या माद्या, एकाच पटलाचे तीन वाटे नव्हेत.

संभाजीनगरहून पुण्याला एनसीएल किंवा एनसीसीएस, नांदेडकडून हैदराबादला सीसीएमबी, असं आमच्याकडचे लोक बघतात. आधी बोलून घ्या: त्यांना बीड्स हव्यात, जेलचा तुकडा हवा की पचवलेले पेप्टाइड. मी डीटीटीनं सुटलेलं प्रथिन ट्रिप्सिन या कापणाऱ्या एन्झाइमनं पचवून, वाळवून पाठवतो. कोरडे पेप्टाइड कुरिअरच्या ऊनपाण्यात टिकतात. ओलं पाठवायचं असेल तर कोरडा बर्फ, आणि शुक्रवारी कधीच नाही. स्वेटर घालून जेल कापू नका, लोकरीचं केराटिन यादीत पहिल्या नंबरावर येतं.

शोध लावताना डेटाबेस हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचाच घ्यायला सांगा. तिचा जीनोम २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. सोबत नेहमीच्या भेसळ-प्रथिनांची यादी. रेशीमकिड्याचा डेटाबेस लावला तर अर्धे पेप्टाइड जुळणार नाहीत.

यादी वाचणं

आलेली यादी तीव्रतेनुसार लावलेली असते. ती तशी वाचू नका. वरती एटीपी सिंथेझ, पोरिन, एचएसपी-७०, ट्युब्युलिन हीच मंडळी बसलेली असतात. नवीन रकाना करा: पहिल्या नळीतली तीव्रता भागिले दुसरीतली. दुसरा रकाना: पहिली भागिले चौथी. हवा तो उमेदवार पहिल्या रकान्यात मोठा, दुसऱ्यात १ च्या आसपास, आणि सहाव्या नळीत जवळपास शून्य. तिन्ही आवृत्त्यांत.

‘निदान दोन पेप्टाइड हवेत’ हा नियम इथे थोडा सैल धरा. रिसेप्टरचा बराचसा भाग पटलात बुडालेला, बाहेरचे फास आखूड, ट्रिप्सिनला कापायला जागाच कमी. पीबॅनचा रिसेप्टर एकाच पेप्टाइडवर येऊ शकतो आणि नियमानं गाळला जाऊ शकतो. एका पेप्टाइडवाले उमेदवार वेगळे काढून स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघा, आणि आवडला तर जड समस्थानिकांचं तेच पेप्टाइड बनवून घेऊन त्यावर नेम धरून पुन्हा मोजा. कायमोट्रिप्सिनची एक फेरीही मदत करते. ब्लॉटवर रिसेप्टरचा बँड पसरट दिसला तर शर्करा आहेत; कीटकांच्या शर्करेला पीएनजीएज-एफ बऱ्याचदा कापत नाही, कारण मुळाशी फ्यूकोजची एक वेगळी जोडणी असते. तिथे पीएनजीएज-ए लागतं.

प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डवर पेप्टाइड आणि उमेदवार एकत्र टाकून चित्र काढणं आता एका दुपारचं काम आहे. पाच उमेदवारांतून आधी कोणावर खर्च करायचा ते ठरवायला वापरा. पुरावा म्हणून प्रबंधात लावू नका.

पुरावा

उमेदवाराचं जनुक एसएफ-९ किंवा सीएचओ पेशींत घाला, कॅल्शियम भेटलं की चमकणारा रंग फ्लुओ-४ भरा, पेप्टाइड टाका आणि कॅल्शियमची चमक बघा. एसएफ-९ पेशी स्वतःच एका पतंगाच्या, लष्करी अळीच्या, अंडाशयातून आलेल्या आहेत. त्यांच्यात आधीपासून काय आहे याची हमी नाही, म्हणून जनुक न घातलेल्या पेशी शेजारी हव्यातच. दहा-बारा मात्रांवर वक्र काढा, आणि आम्ल-रूपाचा वक्र त्याच पटावर.

मग पकड मोजा. लेबल असलेल्या पेप्टाइडच्या वाढत्या मात्रेनं केडी, आणि स्पर्धेतून साध्या पेप्टाइडचा केआय, म्हणजे त्याच्या पकडीचा आकडा. १९७३ पासून वापरात असलेलं चेंग-प्रूसॉफचं सूत्र: आयसी-५० ला, म्हणजे लेबलची बांधणी निम्म्यावर आणणाऱ्या स्पर्धकाच्या मात्रेला, (लेबलची मात्रा भागिले केडी) अधिक १ यानं भागा. लेबल २० नॅनोमोलर, केडी २० आणि आयसी-५० ६० आला तर भाजक २, केआय ३० नॅनोमोलर. पेशींतला हा आकडा आणि पटलावरच्या १० पट-१०० पट नळ्यांतली घट एकमेकांशी जुळली पाहिजे. पेशीत ३० नॅनोमोलर आणि पटलावर १० पटीला हललंच नाही, तर ब्लॉटवरचा बँड दुसऱ्याच कुणाचा.

शेवटी परत मादीकडे. जनुक गप्प करून गाठ मारलेल्या मादीत पीबॅन दिलं तर वास बनता कामा नये. पतंग-कुळात आरएनए-हस्तक्षेप लहरी चालतो. एका ग्रंथीत उतरतो, दुसरीत नाही, त्यामुळे प्रत्येक मादीत संदेशक आरएनए किती घटला ते मोजल्याशिवाय निकाल लिहू नका. क्रिस्परनं जनुक मोडलेली ओळ मिळाली तर उत्तमच, तिच्या अळ्या मात्र वेगळ्या खोलीत, दुहेरी जाळीआड ठेवा. आणि तिच्या माद्यांना नुसती ग्रंथी कापून नका तपासू. काही माद्या जिवंत, जाळीच्या पिंजऱ्यात घालून रात्रभर पिशवीच्या सापळ्यात टांगा, बंद खोलीत, सोबत सोडलेल्या नरांसह. शेजारी साध्या मादीचा सापळा. सकाळी दोन्ही पिशव्यांतले नर मोजा.